चेरोकी पर्पल टोमॅटो, बियांपासून, पुण्यातल्या गच्चीवर: वर्षभराचा अनुभव

आधीच सांगते, किलोचा हिशोब करणार असाल तर याच्या नादी लागू नका. पाच झाडांवर मिळून जेमतेम साडेचार किलो निघाले, आणि कोकोपीट, गांडूळखत, बॅगा, काठ्या सगळं धरलं तर तेवढ्यात मंडईतून वर्षाचे टोमॅटो आले असते. नवरा हे मला रोज ऐकवतो, पण मीठ लावलेली फोड पहिली तोच उचलतो.

पहिला प्रयत्न मागच्या फेब्रुवारीत, तो पूर्ण वाया. झाडं मस्त वाढली, एप्रिलमध्ये फुलं पण भरपूर आली आणि एकजात गळली. मी आपली खत घालतेय घालतेय, नुसता पाला माजला. मग कळलं की पारा ३५च्या वर गेला की परागकणच निकामी होतात, फळ धरणार कुठून! उरलेलं बी गणपती उठल्यावर टाकलं, सहाव्या दिवशी कोंब, आणि दिवाळीच्या सुमारास १५ बाय १५ इंचांच्या बॅगेत हलवलं, अर्धं खोड मातीत पुरून, कारण पुरलेल्या खोडाला पण मुळं फुटतात. हे झाड थांबतच नाही, सहा फुटांवर गेलं, काठ्या कमी पडल्या म्हणून जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून ग्रिलला बांधलं.

संक्रांतीच्या आठवड्यात पहिलं फळ, आणि तिथं मी माती खाल्ली. लाल व्हायची वाट बघत बसले. हा लाल होतच नाही, मळकट जांभळट-गुलाबी होतो आणि देठाजवळ हिरवटच राहतो, पहिले चार फुटून गेले. आता बोटानं हलकं दाबून बघते.

रोगाचं म्हणाल तर पांढऱ्या माशीनं एका झाडाची पानं चुरमडली, ते सरळ उपटलं (म्हणून सहाची पाच). काही फळांची बुडं काळी पडली, लग्नाला चार दिवस गेलो होतो आणि आल्यावर मी बादलीभर पाणी ओतलं, त्याचं फळ. सगळे अंड्याची टरफलं घाला म्हणतात, मी घातली, ती महिनोन्महिने तशीच दिसतात, पाणी नेमानं घातल्यावर थांबलं.

चवीचं मात्र दोन्ही बाजूंनी सांगायला हवं. कच्चा खाल्ला तर असा टोमॅटो मी आजवर खाल्ला नव्हता, गोडसर, भरीव, जराशी धुरकट चव. पण सार केलं तर सासूबाई म्हणाल्या, "ह्याला आंबटपणाच नाही गं, चिंच घाल थोडी." घालावी लागली. सार-आमटीला आपला गावठी, चपटा, चुन्या पडलेलाच हवा, माहेरी ज्याला भेदरं म्हणतात तो.

चेरोकीचं बी ज्याच्याकडून घेतलं त्याच दुकानदाराकडून ब्लॅक क्रिम या दुसऱ्या काळपट टोमॅटोचं पाकीट घेतलेलं, त्यातून गोल गुळगुळीत लालभडक टोमॅटो आले, बाजारात मिळतात तसेच. फोटो पाठवला, उत्तर नाही. चेरोकीचं मूळ बी १९९० साली अमेरिकेतल्या टेनेसीच्या जॉन ग्रीन यांनी टोमॅटोची जुनी वाणं जमवणाऱ्या क्रेग लेहुलिअर यांना पोस्टानं पाठवलेलं, लेहुलिअर यांनीच हे नाव ठेवलं, आणि तिथून हातोहात पसरलं. म्हणून यंदा बी घरचंच. सगळ्यात चांगल्या झाडाचा गर वाटीत पाण्यासकट तीन दिवस आंबवला, वर बुरशीची साय धरली, वास असा की वाटी गच्चीत हाकलली गेली. धुतलेलं बी आता स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळतंय. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दहा बिया आधीच मागून ठेवल्यात, त्यांना गणपतीनंतरच देणार.