पहिली नायट्रो गाडी निवडताना: ट्रॅक्सस नायट्रो स्टॅम्पीड

रिमोटवर चालणारी पहिली नायट्रो गाडी, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणारी छोटी गाडी, घ्यायची ठरली, की बहुतेक नवखे ग्राहक दुकानदाराला आधी वेग विचारतात. माझ्या मते पहिल्या गाडीच्या बाबतीत तो प्रश्न सर्वांत शेवटी यावा. ती सुरू कशी होते, तिचे सुटे भाग मिळतात का आणि पुण्यात इंधन कुठून आणायचे, हे आधी पाहावे. या कसोटीवर ट्रॅक्सस कंपनीची नायट्रो स्टॅम्पीड मला उजवी वाटते.

१:१० प्रमाणातली ही मॉन्स्टर ट्रक जोडलेल्या स्थितीत मिळते आणि मागच्या दोन चाकांवर चालते. त्यामुळे मोडण्याजोगे भाग कमी आणि खोलून पाहणेही सोपे. इंजिन टीआरएक्स २.५. दोरी ओढावी लागत नाही, कारण ईझी-स्टार्टचे हातात धरायचे यंत्र गाडीला जोडून बटण दाबले की तेच ग्लो प्लग (इंजिनातले इंधन पेटवणारी तापती तार असलेला प्लग) तापवते आणि इंजिनही फिरवते. पुल स्टार्टच्या, म्हणजे दोरी ओढून सुरू होणाऱ्या गाडीत जास्त इंधन जाऊन इंजिन अडकले, तरी नवखा माणूस जिद्दीने दोरी ओढत राहतो आणि अखेर दोरीच तुटते. उंचीमुळे ही गाडी वळणावर लवकर उलटते, हा तिचा खरा उणेपणा. डांबरावरच पळवायची असेल, तर याच इंजिनाची, बुटकी नायट्रो रस्टलर घ्यावी.

इंधनाबाबत मात्र कोणाचेही ऐकू नये. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावरच हे इंजिन चालते; ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेमुळेच तापलेली राहते, म्हणून पंपावरचे पेट्रोल येथे निरुपयोगी आहे. मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात डब्याचे झाकण घट्ट नसेल तर महागाचे इंधन वाया जाते.

पहिल्या पाच टाक्या रिच मिश्रणावर, म्हणजे निडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) थोडी उघडी ठेवून इंधन जास्त देत, वेग आवरून चालवाव्यात. सायलेन्सरमधून निळसर धूर दिसत राहिला पाहिजे. तो नाहीसा झाला आणि इंजिन कर्कश वाजू लागले, तर मिश्रण लीन झाले, म्हणजे इंधन कमी पडते आहे, असे समजून थांबावे. डिसेंबरच्या सकाळी जुळवलेली निडल एप्रिलच्या दुपारी तशीच चालत नाही, कारण थंड हवा दाट असते आणि तिच्यासोबत इंधनही जास्त लागते. ज्याला असे स्क्रू फिरवत बसण्याचा कंटाळा येतो, त्याने या वाटेला जाऊ नये.

शहरातल्या एका दुकानात मला गाडी खोक्यातून न काढताच बिल करण्याची घाई दाखवली गेली. अशा ठिकाणाहून काढता पाय घ्यावा. जो दुकानदार इंजिन सुरू करून दाखवतो, सिग्नल तुटल्यास ब्रेक लागतो का हे रिमोट बंद करून पटवून देतो आणि जादा ग्लो प्लग, एअर फिल्टरचे तेल व आफ्टर-रन तेल (गाडी चालवून झाल्यावर इंजिनात घालायचे) आपणहून पुढे ठेवतो, त्याला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. मोकळे मैदान हाताशी नसेल आणि सोसायटीचे पार्किंगच काय ते उपलब्ध असेल, तर आवाज आणि धूर पाहता इलेक्ट्रिक गाडीच घ्यावी.