गोव्यातल्या नव्या मराठी लेखकासाठी गूगलचा ‘ब्लॉगर’: काय जमतं, कुठे अडतं

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. मराठीतून लिहून स्वतःच्या पायावर उभं राहायचं असेल आणि पहिल्या वर्षी हजार-बाराशेच्या वर खर्च परवडत नसेल, तर ब्लॉगर, म्हणजे गूगलचा फुकट ब्लॉग काढायचा मंच, आजही पुरतो. जाहिरातींच्या पैशावर घर चालवायचा हिशेब असेल तर मात्र त्याचा नाद सोडा. ब्लॉगर ही लेखनाचे नमुने मांडायची जागा आहे. पैसे मिळतात ते नमुने पाहून कुणी काम दिलं तर. पुढचं सगळं याच कसोटीवर पारखलेलं आहे.

सेवा जुनी आहे. १९९९ मध्ये पायरा लॅब्सने सुरू केली, २००३ मध्ये गूगलने विकत घेतली. होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं, भाडं शून्य, एका खात्यावर १०० ब्लॉग काढता येतात, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात एखादा लेख व्हॉट्सॲपवर गावभर फिरला तरी साइट बसत नाही. गेल्या काही वर्षांत गूगलने तिच्याकडे फारसं लक्ष दिलेलं नाही, हेही डॅशबोर्ड उघडताच कळतं. साचे तेच, सोयी त्याच. नवशिक्याच्या दृष्टीने हा तोटाच आहे असंही नाही, कारण खेळत बसायला बटणं कमी असली की लिहायला वेळ उरतो.

पत्त्याचा घोळ

मराठी लेखक ब्लॉगरवर पहिल्यांदा अडखळतो तो पर्मालिंकपाशी, म्हणजे लेखाच्या वेबपत्त्यापाशी. ‘चवथीची माटोळी कशी बांधावी’ (माटोळी म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) असं शीर्षक देऊन लेख प्रसिद्ध केला की ब्लॉगर पत्ता बनवताना देवनागरी अक्षरं सरळ गाळून टाकतो. मागे उरतं ‘ब्लॉग-पोस्ट.एचटीएमएल’. पुढच्या लेखाला तेच नाव आणि शेपटाला एक आकडा. वीस लेख झाले की वीसही पत्ते सारखेच दिसतात. वाचकालाही बोध होत नाही, शोधयंत्रालाही नाही.

उपाय सोपा आहे, पण तो लेख प्रसिद्ध करण्याआधीच करायचा. उजवीकडच्या पट्टीत पर्मालिंक उघडायची, ‘कस्टम’ निवडायचं आणि रोमन लिपीत तीन-चार शब्द टाकायचे: माटोळी, गोवा, चवथ. मध्ये आडव्या रेघा, मोकळी जागा नाही. लेख आधीच बाहेर गेला असेल तर तो मसुद्यात परत आणावा लागतो, पत्ता बदलावा लागतो आणि सेटिंग्जमध्ये ‘कस्टम रीडायरेक्ट’ टाकून जुना पत्ता नव्याकडे वळवावा लागतो. ही शेवटची पायरी विसरली तर आधी पाठवलेल्या सगळ्या लिंका मेल्या. पत्त्यात वर्ष आणि महिना येतोच, तो काढता येत नाही. म्हणून दरवर्षीच्या विषयांवर, म्हणजे शिगमो, शिरगावची जत्रा, दिंडी यांवर, नवा लेख पाडण्यापेक्षा जुनाच लेख ताजा करावा. दुरुस्ती सणाआधी महिना-दीड महिना व्हायला हवी. आदल्या रात्री टाकलेला लेख शोधात वर येईपर्यंत गणपती विसर्जनाला निघालेले असतात.

वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉग-मंचावर याच्या उलट घडतं. तो देवनागरी पत्ता स्वीकारतो, पण साठवताना एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात आणि मर्यादा २०० ची. काना, मात्रा, वेलांट्या धरून बाविसेक चिन्हांत पत्ता तुटतो, तोही कुठेही. थोडक्यात, पत्ता रोमन ठेवायची सवय दोन्हीकडे कामाची.

टंकलेखन आणि दिसणं

श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर ब्लॉगवर चिकटवला की चिन्हांचा कचरा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, बदलून घ्यावा, आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीत. कन्व्हर्टर सर्वांत जास्त चुकतो तो रफार आणि पहिली वेलांटी यांत. ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ यांतला अर्धा ऱ नीट न उमटता ‘दुसर्या’ झाला तर संपादक पहिल्याच ओळीत ओळखतो की हाताला सवय नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो, मग हलन्त, मग य. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरत. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकासाठी वेगळे. एकाच ब्लॉगवर दोन्ही मिसळले तर शब्द शोधताना अर्धे सापडत नाहीत.

वर्डमधून किंवा गूगल डॉक्समधून चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरावं. साधं चिकटवलं तर फॉण्ट, रंग, ओळींमधलं अंतर असा सगळा कचरा सोबत येतो आणि फोनवर लेख वेडावाकडा दिसतो. पावसाळ्यात वीज आणि नेट कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावांत मसुदा ब्लॉगरच्या खिडकीत लिहूच नये. तिथलं आपोआप जतन होणं नेटवर अवलंबून आहे.

साचे इंग्रजी डोळ्यांनी बनवलेले आहेत. काहींत मथळ्याच्या अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. ओळींतलं अंतर कमी असेल तर वरच्या मात्रा आणि रफार छाटले जातात. थीमच्या ‘कस्टमाइझ’मधून ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन सीएसएस (पान कसं दिसावं याचे नियम) घालायची सोय आहे: मथळ्यांसाठी लेटर-स्पेसिंग शून्य, लाइन-हाइट दीडच्या वर, परिच्छेदांना पावणेदोनच्या आसपास. बाहेरून फुकट मिळणारे ‘प्रीमियम’ साचे टाळा. त्यांच्या तळाशी दडवलेल्या लिंका असतात आणि त्या काढायला गेलं की साचाच बिघडतो.

स्वतःचं नाव घ्या

एकच खर्च करायचा तर डोमेनचा, म्हणजे स्वतःच्या नावाच्या वेबपत्त्याचा. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या घरात येतो. पहिल्या वर्षाचा दर न पाहता नूतनीकरणाचा दर पाहून घ्या. ब्लॉगर स्वतःचं डोमेन जोडायला पैसे घेत नाही. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत ते जोडताच येत नाही, आणि वर त्यांच्या जाहिराती झळकतात.

जोडणी अशी. डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर (कोणतं नाव कुठे वळवायचं ते इथे ठरतं) दोन सीनेम नोंदी, म्हणजे एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या, टाकायच्या: पहिली ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’, जी ‘जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम’कडे जाते, दुसरी ब्लॉगर तुमच्यापुरती बनवून देतो ती. शिवाय ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’शिवायच्या पत्त्यासाठी चार ए-नोंदी (नावाला आकडी पत्त्याकडे नेणाऱ्या), चारही २१६.२३९ ने सुरू होणाऱ्या. बहुतेकांचं घोडं अडतं ते दोन कारणांनी. एक तर विक्रेत्याने आधीच ठेवलेली ‘पार्किंग’ची ए-नोंद पुसलेली नसते, किंवा नावाच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिल्याने ते दोनदा लागतं. नोंदी लागू व्हायला कधी तास, कधी दिवसही जातो. तोवर दर दहा मिनिटांनी काही बदलत बसू नये. झालं की ‘रीडायरेक्ट डोमेन’ आणि एचटीटीपीएसची (सुरक्षित जोडणीची) दोन्ही बटणं चालू करा.

शोधात दिसण्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘सर्च डिस्क्रिप्शन’ चालू करावं लागतं. ते मुळात बंद असतं. चालू केल्यावर प्रत्येक लेखाला १५० अक्षरांचं वर्णन देता येतं. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या. मग ‘रोबोट्सने अडवलेली पानं’ अशी सूचना येईल. ती लेबलांच्या (विषयवार याद्यांच्या) पानांविषयी असते, ब्लॉगर ती मुद्दामच अडवतो. ‘कस्टम रोबोट्स’च्या खटक्यांना हात लावू नका. ऐकीव सल्ल्यावर तिथे ‘नो-इंडेक्स’ चालू करून आख्खा ब्लॉग गूगलमधून गायब करणारे कमी नाहीत.

शब्दांचंही भान ठेवा. गोव्याचा वाचक ‘चवथ’ म्हणतो, साताऱ्याचा ‘गणेशोत्सव’. माटोळीवरच्या लेखात कांगलां, घागऱ्यो, सुपारीचे कातरे ही नावं तशीच ठेवावीत, कारण लोक शोधतात तीच. सोबत ‘गणपतीवरच्या छताला टांगलेली फळंफुलं’ असा खुलासा एकदा यावा. मानकुराद आंबा किंवा बेबिंका ही मिठाई यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अशी पक्की माहिती लेखात असेल तर तो वर्षभर वाचला जातो. ‘गोव्यातील दहा सुंदर किनारे’ लिहिणारे हजार आहेत.

ॲडसेन्सचं खरं रूप

ॲडसेन्स, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे देणारी गूगलची सेवा, २०१८ पासून मराठीला चालतं. कोंकणी त्याच्या भाषांच्या यादीत नाही, तेव्हा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्यांनी कोंकणीसाठी वेगळा ब्लॉग ठेवावा. एकत्र ठेवून अर्ज नाकारला जाण्याचा धोका कशाला? मराठीतल्या जाहिरातींचा दर इंग्रजीपेक्षा बराच कमी. १०० डॉलर साठेपर्यंत पैसे सुटत नाहीत, आणि नव्या ब्लॉगचे ते वर्षभरात साठतीलच असं धरू नये.

१० डॉलर झाले की पत्त्याच्या पडताळणीचा पिन टपालाने येतो. साध्या टपालाने, माग काढायची सोय नसते. गोव्यात रस्त्याचं नाव नसलेल्या पत्त्यांवर तो हमखास भरकटतो. पत्ता लिहिताना घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका या क्रमाने लिहा आणि दुसऱ्या ओळीत देवळाची किंवा शाळेची खूण द्या. नुसतं ‘देऊळवाडा’ म्हटलं तर तसे वाडे गावोगाव आहेत. पोस्टमनच्या कानावर घातलेलं उत्तम. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पुन्हा मागवता येतो. बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा) आधी विचारून ठेवा. गावातल्या शाखेला तो नसेल तर मोठ्या शाखेचा चालतो का, ते बँकेकडूनच कळेल.

सर्वांत मोठी उणीव

ब्लॉगरवर वाचकांना नवा लेख ईमेलने पाठवायची सोय २०२१ मध्ये बंद झाली. लेखकाच्या दृष्टीने हे फार वाईट, कारण ईमेलांची यादी हीच एक गोष्ट कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. सबस्टॅक या ईमेल-पत्रिकांच्या मंचावर ती सोय आहे आणि फुकट वाचनापुरतं ते छान चालतं. पण वर्गणी घ्यायची म्हटलं की स्ट्राइप या पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचं खातं लागतं, आणि भारतात ते नव्याने सहज मिळत नाही. तूर्त व्हॉट्सॲप चॅनल हाच गोव्यातल्या मराठी वाचकापर्यंत जायचा सोपा मार्ग. स्वतःच्या होस्टिंगवरचा वर्डप्रेस या बाबतीत सरस आहे, पण अद्ययावत करणं, बॅकअप, सुरक्षा सगळं गळ्यात पडतं. गिऱ्हाइकाने वर्डप्रेस येतं का विचारलं की शिकावं, त्याआधी घाई नको.

कामं मिळवण्यासाठी

‘पोस्ट’ नव्हे तर ‘पेज’ बनवा; त्याच्या पत्त्यात तारीख नसते. तिथे पाच-सहाच नमुने: एक वृत्तांत, एक मुलाखत, एक नाट्यपरीक्षण, एक इंग्रजी-मराठी भाषांतर, एक कोंकणी-मराठी. गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत, लोकमत यांच्या पुरवण्यांना विषय सुचवताना हा एकच दुवा पुरतो. मानधन बेताचंच असतं. तिथे छापून आल्याचा उपयोग पुढचं काम मिळवण्यासाठी.

गोव्यात खरं काम आहे ते स्मरणिकांमध्ये. देवस्थानाची, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची, नाट्यमंडळाची. लेखनाचा दर शब्दांवर आणि मुद्रितशोधनाचा पानांवर वेगवेगळा सांगा, अर्धे पैसे आगाऊ घ्या, दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच असं लिहून द्या. लेख वेळेत येतात, अडतो तो मान्यवरांचा शुभेच्छा संदेश. म्हणून त्याची तारीख वेगळी आणि आधीची ठेवावी.

हक्कांचा मुद्दा तोंडी ठेवू नये. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला देणं लेखीच व्हावं लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. छापलेला लेख ब्लॉगवर कधी टाकायचा हे संपादकाला ईमेलवर विचारून ठेवा. हॉटेलने फुकट राहायला दिलं असेल तर लेखाच्या सुरुवातीलाच तसं लिहा. संस्था मानधनातून १० टक्के टीडीएस कापू शकते. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे आयकराच्या पोर्टलवर तपासा. जीएसटी नोंदणीची भीती नको, सेवांसाठी गोव्यात मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे.

आणि महिन्यातून एकदा सेटिंग्जमधून ‘बॅक अप कंटेंट’ करा. त्यात लेख आणि प्रतिक्रिया येतात, चित्रं आणि थीम येतीलच असं धरू नये. थीम वेगळी उतरवावी, फोटो संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. ब्लॉगला घरातल्या कुणाचं तरी दुसरं खातं ॲडमिन म्हणून जोडून ठेवा. गूगलचं एकमेव खातं हातचं गेलं तर डोमेन तुमच्याकडे राहील, लेखांना हात लावता येणार नाही.