रीलमधले घर आणि करारातले घर : एका एजंट संस्थेच्या समाजमाध्यम सेवेचे परीक्षण

पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवडमधील वाकड, ताथवडे, पुनावळे आणि रावेत या भागांत नवे घर शोधणाऱ्या कुटुंबाची पहिली ‘साइट व्हिजिट’ आता फोनवरच होते. इन्स्टाग्रामवरील एखादी रील, मग यूट्यूबवरील मोठा व्हिडिओ, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले माहितीपत्रक, आणि त्यानंतर कधीतरी प्रत्यक्ष जागेवर जाणे, असा हा क्रम झाला आहे. याच पट्ट्यात नव्या प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एका एजंट संस्थेची ही तिन्ही माध्यमे मी घर शोधताना बराच काळ बारकाईने पाहिली, त्यांच्याकडून आलेल्या माहितीची महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्र स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळाशी पडताळणी केली आणि त्यांनी दाखवलेली काही घरे प्रत्यक्षही पाहिली. पुढे दोषही सांगायचे असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही. तसेही, येथे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या भागातील कोणत्याही एजंटचे पान पाहताना उपयोगी पडतील.

या संस्थेचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे तिचे यूट्यूबवरील लांब व्हिडिओ. त्यांची सुरुवात प्रकल्पाचा महारेरा क्रमांक आणि संस्थेचा स्वतःचा एजंट नोंदणी क्रमांक वाचून दाखवण्याने होते, आणि मग घर दाखवणारी व्यक्ती हातात मोजपट्टी घेऊन खोलीखोलीतून फिरते. बेडरूमची रुंदी किती, कपाट ठेवल्यावर पलंगाच्या बाजूने चालायला जागा किती उरते, ओट्याची लांबी किती, स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन बसल्यावर दार पूर्ण उघडते का, लिफ्टमधून सोफा वर नेता येईल का, हे सगळे कॅमेऱ्यासमोर मोजले जाते. हे वरवर किरकोळ वाटेल, पण ज्यांनी बिल्डरचा सजवलेला सॅम्पल फ्लॅट पाहिला आहे त्यांना याची किंमत लगेच कळेल. सॅम्पल फ्लॅटमध्ये आतल्या खोल्यांना अनेकदा दारे नसतात, पलंग नेहमीच्या मापापेक्षा आखूड असतात, भिंतीवर मोठा आरसा असतो आणि छताचे दिवे दुपारीही सुरू असतात. त्यात फोनची अर्ध्या पटीची रुंद लेन्स वापरली की दहा फुटांची खोली चौदा फुटांची भासते. ही संस्था मोठ्या व्हिडिओंत साधी लेन्स वापरते आणि शक्य तेथे सॅम्पल फ्लॅटऐवजी बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील प्रत्यक्ष मजल्यावर जाऊन चित्रण करते. विटांच्या उघड्या भिंती आणि सिमेंटची धूळ दिसल्याने व्हिडिओ देखणा होत नाही, परंतु घराचा खरा आकार कळतो.

रीलमध्ये मात्र हीच शिस्त ढिली पडते. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात, म्हणजे कार्पेटमध्ये, घराच्या आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट (नळ-तारा नेण्याची उभी पोकळी), फक्त त्या घरासाठी असलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. म्हणून ७२० चौरस फूट कार्पेट, ८० चौरस फूट बाल्कनी आणि ५० चौरस फूट ड्राय बाल्कनी असलेले घर करारात ७२० चौरस फुटांचेच, म्हणजे सुमारे ६६.९ चौरस मीटरचे असते. रीलवर मात्र ठळक अक्षरांत ‘८५० यूजेबल’ असे येते. हा आकडा खोटा आहे असे म्हणता येत नाही, कारण बाल्कनी वापरता येतेच. पण दुसऱ्या एजंटने शेजारच्या प्रकल्पाचे शुद्ध कार्पेट दिले असेल, तर दोन घरांची तुलना पूर्णपणे चुकते. आपल्याच यूट्यूब व्हिडिओत तिन्ही आकडे वेगळे सांगणाऱ्या संस्थेने रीलमध्ये त्यांची बेरीज का करावी, हे मला पटलेले नाही. तीस सेकंदांतही तीन आकडे सहज मावतात.

क्यूआर कोडच्या बाबतीत संस्था नियम पाळते. ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड बंधनकारक केला आहे, आणि तो स्कॅन केला की प्रकल्पाचे अधिकृत पान उघडते. तेथे मंजूर नकाशे, बांधकाम पूर्ण करण्याची जाहीर तारीख, आतापर्यंत किती सदनिकांची नोंदणी झाली, न्यायालयीन वाद आहेत का, ही सगळी माहिती मिळते, आणि घर घेणाऱ्याला याहून उपयुक्त दुसरे सरकारी पान क्वचितच मिळेल. अडचण अशी की हा नियम वर्तमानपत्र आणि रस्त्यावरच्या फलकाला जितका शोभतो तितका रीलला शोभत नाही. ज्या फोनवर रील चालू आहे त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तिच्यातला कोड स्कॅन करता येत नाही. स्क्रीनशॉट काढून तो दुसऱ्या मार्गाने वाचावा लागतो, आणि कोड दोन सेकंदांत निघून गेला तर तेही जमत नाही. इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेला दुवा दाबून उघडत नाही, हेही खरेच. त्यामुळे कोड दाखवूनही तो कोणी उघडत नाही, अशी स्थिती सर्वत्र दिसते. या संस्थेने त्यावर चांगला तोडगा काढला आहे : मजकुराच्या पहिल्याच ओळीत पूर्ण नोंदणी क्रमांक लिहिलेला असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माहिती मागितली की माहितीपत्रकाच्या आधी महारेराच्या पानाचा थेट दुवा येतो. प्रकल्पाचा क्रमांक इंग्रजी ‘पी’ या अक्षराने सुरू होतो आणि एजंटचा ‘ए’ या अक्षराने, एवढे लक्षात ठेवले तर कोणता क्रमांक दिला आहे आणि कोणता वगळला आहे हे कोणालाही एका नजरेत समजेल. एजंटांनाही रेराखाली नोंदणी बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तरीही आपला क्रमांक पानावर कोठेच न देणारे अनेक लोकप्रिय खातेदार याच पट्ट्यात घरे विकताना दिसतात.

किमतीबद्दल मला अधिक स्पष्ट बोलायचे आहे. ‘कमेंटमध्ये प्राइस लिहा, तपशील पाठवतो’ ही पद्धत या व्यवसायात रूढ झाली आहे. प्रत्येक कमेंटमुळे रील अधिक लोकांपर्यंत पोहोचते आणि विचारणाऱ्याचा नंबर मिळवण्याची संधी तयार होते, म्हणून ती सुटत नाही. ही संस्थाही तेच करते, जरी बहुतेक वेळा रीलवर ‘८५ लाखांपासून’ असा एक आकडा असतो. आता ८५ लाख हे करारमूल्य धरले तर पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ९५ हजार, नोंदणी शुल्काचे ३० हजार आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटीचे ४ लाख २५ हजार मिळवावे लागतात, आणि घर ९५ लाख ५० हजारांवर जाते. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पार्किंग, क्लबहाउस, मेंटेनन्सची आगाऊ रक्कम आणि वरच्या मजल्याचा वाढीव दर आणखी वेगळे. ‘पासून’ हा शब्द सहसा खालच्या मजल्यावरच्या, कमी मागणी असलेल्या एखाद्या घराला लागू असतो. संस्थेचे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे दरपत्रक मात्र उत्तम आहे : त्यावर तारीख असते, प्रत्येक रक्कम वेगळी लिहिलेली असते आणि करार नोंदवण्याआधी बिल्डरने १० टक्क्यांहून अधिक पैसे घेऊ नयेत, ही कायद्यातील तरतूदही तळाशी मराठीत छापलेली असते. एवढे प्रामाणिक दरपत्रक जवळ असताना ते सर्वांसमोर न ठेवता नंबर देणाऱ्यालाच दाखवणे योग्य नाही. शिवाय जुन्या रील काढून टाकल्या जात नाहीत किंवा त्यांवर ‘हा दर आता लागू नाही’ असे लिहिले जात नाही. इन्स्टाग्राम कित्येक महिन्यांपूर्वीची रीलही नव्या माणसासमोर आणते, आणि तो जुना दर मनात धरून चौकशी करतो.

अंतराच्या दाव्यांत संस्थेने केलेली एक गोष्ट मला मनापासून आवडली. ‘हिंजवडी दहा मिनिटांवर’, म्हणजे आयटी कंपन्यांचा भाग हाकेच्या अंतरावर, हे वाक्य या भागातील प्रत्येक जाहिरातीत असते, पण या संस्थेने कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता प्रकल्पाच्या फाटकापासून भूमकर चौकातून हिंजवडीपर्यंतचा प्रवास, घड्याळ पडद्यावर ठेवून, न कापता दाखवला आहे. ज्याला रोज त्या रस्त्याने कंपनीत जायचे आहे त्याच्यासाठी ड्रोनमधून टिपलेल्या मावळतीपेक्षा हा कंटाळवाणा व्हिडिओ कितीतरी मोलाचा आहे. हिंजवडीजवळचे माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचा उल्लेख करतानाही प्रकल्पापासून सर्वांत जवळच्या स्थानकापर्यंतचे रस्त्याने होणारे अंतर सांगितले जाते, हवाई अंतर नाही.

पाण्याच्या प्रश्नावर मात्र संस्था गप्प राहते. उन्हाळ्यात टँकर किती येतात, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे का, महापालिकेचे पाणी किती वेळ येते, असे कोणी कमेंटमध्ये विचारले की ‘आपल्याला मेसेज केला आहे’ एवढेच उत्तर येते. प्रत्यक्ष संदेशात ते बऱ्यापैकी खरे उत्तर देतात, हे मी पाहिले आहे. मग तेच सर्वांसमोर का लिहू नये? या भागात सोसायटीत राहणाऱ्यांना सर्वांत जास्त भेडसावणारा प्रश्न हाच आहे, आणि खरेदीदार आधी विचारतो तोही हाच.

एजंटचे उत्पन्न कोठून येते, हे नव्या खरेदीदारांना अजूनही नीट माहीत नसते. नव्या प्रकल्पांत असे एजंट बिल्डरचे ‘चॅनल पार्टनर’ असतात आणि त्यांची दलाली बिल्डर देतो. म्हणून ‘आमची सेवा तुम्हाला मोफत’ हे वाक्य खरे असले, तरी सल्ला कोणाच्या पैशावर चालतो हे त्यात येत नाही. याला जोडूनच ‘टॅगिंग’ येते. एखाद्या रीलखालच्या फॉर्ममध्ये तुम्ही नंबर भरला किंवा एजंटबरोबर साइटवर पहिली भेट दिली, की तुमचे नाव ठरावीक काळ त्या एजंटच्या खात्यावर लागते. पुढे तुम्ही थेट बिल्डरच्या कार्यालयात गेलात किंवा दुसऱ्या एजंटकडे वळलात, तर दराची बोलणी अडते. ही संस्था टॅगिंगची माहिती भेटीपूर्वी स्वतःहून देते, जी या क्षेत्रात दुर्मीळ गोष्ट आहे. मात्र घर दाखवणाऱ्या लोकप्रिय इन्फ्लुएन्सरबरोबर केलेल्या तिच्या रीलवर ‘सशुल्क भागीदारी’ ही खूण मला दिसली नाही. पैसे किंवा अन्य लाभ घेऊन केलेली शिफारस ठळकपणे तशी सांगितली पाहिजे, असे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. बिल्डर, एजंट आणि इन्फ्लुएन्सर अशी साखळी असताना ‘मला हे घर फार आवडले’ या वाक्यावर पाहणाऱ्याने किती विसंबावे, हे त्या एका खुणेवर ठरते.

सर्वांत गंभीर आक्षेप स्टोरींबद्दल आहे. रेराच्या कलम ३ नुसार नोंदणी झाल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरातही करता येत नाही, तरीही ‘लवकरच येत आहे, आजच ईओआय द्या’ (ईओआय म्हणजे घर घेण्यात रस असल्याची आगाऊ नोंद) असे, क्रमांक नसलेले मजकूर अनेक खात्यांवरून स्टोरीत येतात, आणि या संस्थेच्या पानावरही मी असा एक मजकूर पाहिला. स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते. कलम १२ खाली, जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या आणि त्यामुळे नुकसान झालेल्या व्यक्तीला बिल्डरकडून भरपाई मागता येते, किंवा प्रकल्पातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागता येतात. पण त्यासाठी ती जाहिरात दाखवता आली पाहिजे. म्हणून बोलणी सुरू असलेल्या प्रकल्पाची प्रत्येक स्टोरी, रील आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रत्येक आश्वासक संदेश तारखेसह स्क्रीन रेकॉर्डिंग करून जपून ठेवावा, असे मी घर घेणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. स्विमिंग पूल कोणत्या टप्प्यात होणार, समोरची मोकळी जागा खरोखर उद्यानासाठी राखीव आहे का, हे पुढे वादात आले तर हीच रेकॉर्डिंग हाती असतील.

व्हॉट्सअ‍ॅप सेवेबद्दल थोडक्यात सांगायचे तर संदेश आठवड्यातून मोजकेच येतात, मराठीत विचारले तर मराठीत उत्तर मिळते, आणि यादीतून नाव काढण्यास सांगितल्यावर संस्थेकडून संदेश येणे लगेच थांबले. दुबई किंवा अमेरिकेत राहून पुण्यात घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी त्यांची थेट व्हिडिओ भेट विशेष उपयोगी आहे. ती आधी चित्रित केलेली नसल्याने ‘खिडकी उघडून समोर काय आहे ते दाखवा’, ‘नळ सोडा’, ‘जिन्यातून खाली चला’ असे सांगता येते. अशा खरेदीदारांनी भेटीची वेळ ठरवताना भारतातील संध्याकाळ टाळून सकाळ मागावी, कारण सकाळच्या उजेडात भिंतीवरची ओल आणि शेजारच्या इमारतीचे खरे अंतर दोन्ही स्पष्ट दिसतात.

पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास यूट्यूबला साडेचार, व्हॉट्सअ‍ॅपला चार आणि इन्स्टाग्रामला अडीच. या संस्थेकडून घर पाहायचे असेल तर रीलपासून सुरुवात न करता मोठ्या व्हिडिओपासून करावी, आणि नंबर देण्याआधी त्या प्रकल्पाचे महारेरावरील पान वाचून घ्यावे.