दख्खनच्या नदीगाळाचं वय: रेडिओकार्बन, ओएसएल की आर्गॉन?

घोड, कुकडी, प्रवरा यांच्या काठच्या दरडींत गाळाचे थर उघडे पडलेले असतात. नमुना काढण्याआधी ठरवा, वय हवंय कशाचं. रेडिओकार्बनवरून जीव कधी मेला ते कळतं, ओएसएलवरून (मातीतल्या किरणोत्सर्गाने कणांत साठलेली ऊर्जा प्रकाश पाडून चमकेच्या रूपात मोजण्याची पद्धत) वाळूच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं ते, आणि आर्गॉन-आर्गॉनवरून (पोटॅशियमच्या क्षयातून साठलेल्या आर्गॉनच्या मोजणीवरून) स्फटिक कधी थंड झाला ते. थर साचला कधी, हे थेट फक्त ओएसएल सांगतं.

तरीही थर चाळीस हजार वर्षांच्या आतला वाटत असेल आणि त्यात कोळसा असेल, तर रेडिओकार्बनच करा. एएमएसला (कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या यंत्राला) काही मिलीग्रॅम स्वच्छ कोळसा पुरतो. त्यापुढे मात्र भरवसा नाही: नमुना कितीही जुना असो, एक टक्का आजचा कार्बन शिरला की वय 37 हजारांच्या आसपास अडकतं. काळ्या मातीच्या भेगांतून बारीक मुळं खोल जातात. ती चिमट्याने वेचा आणि कोळसा कापसात न ठेवता ॲल्युमिनियम फॉइलमध्ये बांधा. कंकरावर, म्हणजे मातीतल्या चुन्याच्या गाठींवर, पैसे घालवू नका. पाणी मुरेल तसा तो विरघळतो आणि पुन्हा साचतो.

कोळसा नसेल तर ओएसएल. दरडीचा उन्हं खाल्लेला पृष्ठभाग खरवडा आणि 5 सेंटिमीटर व्यासाची, 25-30 सेंटिमीटर लांबीची लोखंडी नळी ठोका. ती ठासून भरायलाच हवी; अर्धवट भरली तर टोकाचे ऊन लागलेले कण प्रवासात आतल्या कणांत मिसळतात. थराच्या सीमेपासून 30 सेंटिमीटर आत राहा, कारण गॅमा किरण तेवढ्या अंतरावरून येतात. ओलाव्यासाठी वेगळी हवाबंद पिशवी भरा: पाणी एक टक्क्याने चुकलं की वयही साधारण तेवढंच चुकतं. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकात ओएसएलला लागणारं क्वार्ट्झ हे खनिज जवळपास नसतंच. त्यामुळे बऱ्याचदा 4-11 मायक्रॉनच्या मिश्र कणांवर काम करावं लागतं, आणि त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची चमक आपोआप गळत असल्याने वय कमी येतं. ही दुरुस्ती प्रयोगशाळा करते का, हे आधीच विचारा.

ज्वालामुखीची राख मिळाली तरच आर्गॉन. पण बोरी गावच्या राखेचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. कुकडीकाठच्या त्या राखेला पोटॅशियम-आर्गॉनने सुमारे 14 लाख वर्षं दिली, आर्गॉन-आर्गॉनने 6.7 लाख, तर काचकणांच्या रसायनावरून काहींनी ती 74 हजार वर्षांपूर्वीच्या, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाची ठरवली. वाद अजून मिटलेला नाही. राखेत 6.5 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टचे मोजके कण मिसळले तरी एकत्र वितळवलेल्या नमुन्याचं वय भलतंच फुगतं. म्हणून एकेक स्फटिक वेगळा मोजून घ्या, आणि राखेच्या वर-खाली एकेक ओएसएल नळी ठोकाच.