पावसाळी निचऱ्याची सिस्टीम, दुसरा पावसाळा: पंप बरे, झडप भिकार

चार स्टार देणार होतो. आता अडीच, आणि त्यातला एक आमच्या वॉचमनचा.

नवी मुंबईत कामोठ्यातली नवी सोसायटी. बिल्डरने दिलेला संच नेहमीचाच: कडेने जाळीचं गटार, गाळाचे चेंबर, तळघरात सम्प (पाणी साठवायची टाकी), दोन सबमर्सिबल पंप आणि नाल्याच्या तोंडाशी फ्लॅप व्हॉल्व्ह, म्हणजे झडप. ब्रोशरमध्ये पंपांचा फोटो आहे, झडपेचा नाही. माझं भांडण तिच्याशीच आहे.

झडप म्हणजे बिजागरीला टांगलेलं बिडाचं झाकण. आतल्या पाण्याने उघडतं, भरतीत नाला चढला की बाहेरच्या पाण्यानेच दाबून बसतं. ना वीज, ना मोटर. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचे धारण तलाव याच तत्त्वावर आहेत: भरतीत दरवाजे बंद, तोवर पाऊस तलावात, ओहोटीला पाणी खाडीत. त्यातले बरेच गाळाने उथळ झाले, आत खारफुटी उगवली आणि ती काढायची तर कोर्टाची परवानगी हवी. म्हणजे मोठी व्यवस्था आखडली की भार आमच्या दारातल्या झाकणावर.

जुलैत भरती साडेचार मीटरच्या वर होती त्या दुपारी दोन्ही पंप धडधडत होते आणि सम्पची पातळी जागची हलेना. सर्व्हिसवाल्याचं निदान तयार: पंप लहान पडतात, साडेसात एचपीचे घ्या. कोटेशन संध्याकाळच्या आत. एरवी फोन उचलत नाहीत.

आमच्या प्लंबरने शेवटचं चेंबर उघडलं. पिन गंजून जाम, फटीत दुधाच्या पिशव्या, झाकण चार बोटं उघडं. पंप पाणी नाल्यात टाकत होते, नाला तेच पाणी झडपेतून परत सम्पला देत होता. वीजबिल मात्र आमचं.

खाऱ्या पाण्यात साध्या लोखंडाची पिन! कोट्यवधींच्या प्रोजेक्टमध्ये बोटाएवढ्या पिनेत पैसे वाचवले. सर्व्हिसवाले म्हणाले झडप सिव्हिलमध्ये (बांधकामात) येते, एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) नाही. बिल्डरची माणसं म्हणाली मेकॅनिकल आहे, त्यांनाच विचारा. शेवटी खाऱ्या पाण्याला टिकणारी 316 ग्रेडची स्टेनलेस पिन आणि नवं रबर आम्हीच बसवलं, मजुरीसकट दोन हजारांच्या आत. व्हिजिट चार्ज त्याहून फार कमी नव्हता.

ऑगस्टमधली भर: पिन बदलल्यापासून मोठ्या भरतीतही बहुतेक वेळा एकच पंप लागतो. पंपांना आधी दोन स्टार दिले होते, ते चार करतो. पाणी चढलं की पंप चालू करणारा फ्लोट स्विचही ठीक.

रिचार्ज पिटचे, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यांचे, मात्र सगळे स्टार काढले. परवानगीसाठी खणावे लागतात, खणले. पण भरावाच्या सखल जमिनीत भर पावसाळ्यात भूजल हातभर खाली असतं, खड्डे खालूनच भरतात. वरचं पाणी मुरणार कुठे?

मोठा पंप विकायला कोणी आलं तर आधी हिशोब मांडा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तासाला 50 मिलिमीटर पडला तर एकरभर आवारात दोन लाख लिटर, आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक म्हटल्यावर जवळजवळ सगळं गटारात. आमचा 30,000 लिटरचा सम्प त्यापुढे दहा मिनिटंही टिकत नाही. मुंबईची जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर धरून बांधलेली होती; 50 चा आकडा 1993 च्या ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पावसाळी निचऱ्यावरच्या अहवालात आला.

वॉचमनचा स्टार कशासाठी? भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ठरावीक वेळेची ड्युटी लावता येत नाही. त्याने केबिनमध्ये भरतीचं कोष्टक चिकटवलंय आणि भरतीच्या आधी खराट्याने जाळ्या साफ करतो. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

ताबा घेताना क्लबहाऊस नंतर बघा. मोठ्या भरतीच्या वेळी शेवटचं चेंबर उघडायला लावा आणि पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते पाहा. आमच्या चेंबरचं झाकण एका सभासदाच्या पार्किंगखाली निघालं. ते गाडी हलवायला तयार नाहीत, पार्किंग विकत घेतलंय म्हणतात. विषय सर्वसाधारण सभेत घेतलाय. एएमसी यंदा रिन्यू करत नाही.