उबेदा की बाएथा: सकाळ कोणाला, मुक्काम कुठे?

ग्रानादाची आल्हाम्ब्रा बघून झालेली असते, कोर्दोबाच्या मशिदीची तिकिटं काढलेली असतात आणि मध्ये एक दिवस मोकळा उरतो. तुमचं असं झालं असेल, तर दक्षिण स्पेनच्या आंदालुसियात कोणीतरी नक्की सांगणार, "उबेदा-बाएथाला जाऊन या." नावं इतकी जोडून घेतात की ऐकणाऱ्याला ते पिंपरी-चिंचवडसारखं एकच प्रकरण वाटतं. खरं तर ही हाएन प्रांतातली दोन वेगळी गावं आहेत. मध्ये नऊ किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना ऑलिव्हची झाडं, नजर पोचेल तिथवर. युनेस्कोने २००३ साली दोघांना एकाच नोंदीत जागतिक वारसा ठरवलं आणि ही जोडगोळी आणखी पक्की झाली. नकाशावर 'बाएझा' असं वाचलंत तर गोंधळू नका. स्पॅनिश उच्चार 'बाएथा'.

"दोन्ही बघा" हा सल्ला देणाऱ्याला सोपा असतो. पाळणाऱ्याची अडचण अशी की दोन्हीकडे दुपारी बऱ्याच चर्चची आणि वाड्यांची दारं बंद होतात, ती दोन-तीन तासांनीच उघडतात. म्हणजे तुमच्या हातात एक दिवस नसतो. एक सकाळ आणि एक संध्याकाळ असते. म्हणून मी प्रश्न जरा बदलून घेतो: सकाळ कुणाला द्यायची आणि रात्री झोपायचं कुठे? माझं उत्तर आधीच सांगतो. सकाळ उबेदाला, संध्याकाळ आणि मुक्काम बाएथाला. कारण उबेदाचा ऐवज दाराआड आहे आणि बाएथाचा रस्त्यावर.

उबेदा: एका सचिवाचं गाव

उबेदाची वस्ती पस्तीसेक हजार, बाएथाच्या साधारण दुप्पट. बसमधून उतरल्यावर दिसतं ते चारचौघांसारखं स्पॅनिश गाव: बँका, कपड्यांची दुकानं, गाड्यांची वर्दळ. जुन्या भागात शिरून वास्केस दे मोलिना चौकात पोचेपर्यंत आपण योग्य ठिकाणी आलो की नाही, अशी शंका येत राहते. चौकात पोचल्यावर मात्र ती उरत नाही.

हा चौक बाजारासाठी झालेला नाही. तो वैभव दाखवण्यासाठी उभा केलेला आहे. फ्रान्सिस्को दे लोस कोबोस हा उबेदाच्या बेताच्या ऐपतीच्या घराण्यातला मुलगा. तो सम्राट पाचव्या चार्ल्सचा सचिव झाला. अमेरिकेतून येणारं सोनं-चांदी वितळवून त्यावर शिक्का मारण्याचं किफायतशीर पदही त्याच्याकडे होतं. त्या पैशातून त्याने गावात स्वतःच्या दफनासाठी एक चर्च बांधायला घेतलं, ते म्हणजे एल साल्वादोर. आराखडा वास्तुशिल्पी दिएगो दे सिलोएने १५३६ मध्ये केला. पुढे काम आंद्रेस दे वांदेलविराच्या हाती आलं आणि १५५९ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. कोबोस मात्र १५४७ मध्येच वारला होता. चर्च पुरं झालेलं त्याने पाहिलं नाही. आज त्याच्या तळघरात तो आहे.

दर्शनी भागाशी निदान दहा मिनिटं थांबा. मुख्य दारावर येशूच्या रूपांतराचा प्रसंग कोरलेला आहे, तो सगळेच बघतात. पण दाराच्या कमानीखाली उभं राहून मान वर केलीत, तर कमानीच्या पोटात ग्रीक देव दिसतात. चर्चच्या उंबरठ्यावर मूर्तिपूजकांची दैवतं! सोळाव्या शतकातल्या श्रीमंतांना धर्म आणि फॅशन दोन्ही एकाच दगडात हवी होती.

आत घुमटाखाली गोल गाभारा आहे. वेदीमागची लाकडी शिल्पं आलोन्सो बेरुगेतेची, पण १९३६ मध्ये यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत ती फोडली गेली. त्यातला मूळचा ख्रिस्त तेवढा वाचला, बाकीच्या आकृती नंतर पुन्हा घडवलेल्या. मायकेलअँजेलोच्या नावावर सांगितला जाणारा बाल योहानाचा संगमरवरी पुतळाही याच चर्चमध्ये होता. फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो दे मेदिची याने तो कोबोसला भेट दिला होता. त्याचेही १९३६ मध्ये तुकडे झाले. ते तुकडे फ्लॉरेन्समध्ये वर्षानुवर्षं खपून जोडले आणि २०१५ मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात पुतळा लोकांना दाखवला.

तरी माझ्या लेखी या चर्चमधली खरी चीज सॅक्रिस्टी, म्हणजे पुजाऱ्यांची वस्त्रं आणि भांडी ठेवायची खोली. तिचं दार भिंतीत नसून कोपऱ्यात आहे. दोन भिंती जिथे काटकोनात भेटतात, तिथेच वांदेलविराने कमान काढली आहे. कागदाची कमान मधोमध दुमडावी तशी ती दिसते, फक्त इथे दगड आहे. ज्याने कधी पाथरवटाला काम करताना पाहिलंय, त्याला कळेल की यातला एकेक चिरा वेगळ्या मापाने आणि तिरक्या कोनात कापल्याशिवाय ही कमान उभीच राहणार नाही. वांदेलविराच्या मुलाने, आलोन्सोने, पुढे दगड कापण्याच्या या विद्येवर ग्रंथच लिहिला. बापाने केलेलं लेकाने कागदावर उतरवलं. असं भाग्य फार थोड्या कारागिरांच्या वाट्याला येतं.

चौकाच्या बाकीच्या बाजूही याच मंडळींच्या. कोबोसच्या नात्यातला हुआन वास्केस दे मोलिना, दुसऱ्या फिलिपच्या दरबारी सचिव, त्याचा वाडा वांदेलविरानेच बांधला. 'साखळ्यांचा वाडा' म्हणून ओळखला जाणारा हा वाडा पुढे जोगिणींचा मठ झाला आणि आज तिथे नगरपालिका आहे. एल साल्वादोरला लागूनचा डीन ओर्तेगाचा वाडा १९३० पासून सरकारी पारादोर हॉटेल आहे. तिथे राहणं परवडत नसेल, तरी आतल्या अंगणात कॉफी घेता येते. समोरचं सांता मारिया चर्च मशिदीच्या जागेवर उभं राहिलं. दुरुस्तीसाठी ते १९८३ ते २०११ बंद होतं, म्हणजे गावातली एक अख्खी पिढी त्याच्या बंद दारासमोर मोठी झाली.

सान पाब्लो चर्च वाटेत लागेलच. त्याचं दक्षिणेकडचं १५११ चं दार बघा आणि पुढे निघा. क्रॉसचा संत योहान, स्पॅनिशमधला मोठा भक्तकवी, १४ डिसेंबर १५९१ रोजी याच गावात वारला. त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, पण कवितेची ओढ असेल तरच वेळ काढा. पाण्याचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) म्हणतात ती जागा बांधकामासाठी खोदताना उजेडात आली; तळाशी स्नानकुंड आहे, आणि बघायचं तर गाइडसोबतच.

सांतियागो इस्पितळ सहसा हुकतं, कारण ते जुन्या भागाच्या बाहेर, बस स्टँडच्या बाजूला आहे. ते चुकवू नका. १५६२ ते १५७५ मध्ये वांदेलविराने बांधलेलं हे शेवटचं मोठं काम. याला 'आंदालुसियाचा एस्कोरिआल' म्हणायची पद्धत आहे, पण गंमत अशी की माद्रिदजवळच्या त्या प्रसिद्ध एस्कोरिआलची पायाभरणी १५६३ मध्ये झाली, म्हणजे याच्यानंतर. नक्कल आधी आणि अस्सल नंतर! आणखी एक योगायोग: ओल्ड गोव्यातल्या से कॅथेड्रलचं कामही १५६२ मध्येच सुरू झालं. तिथला मालक पोर्तुगीज, इथला स्पॅनिश, त्यामुळे नातं फार ओढू नये. पण गोव्यात ते उंच पांढरे खांब पाहिलेल्याला इथल्या अंगणात अगदीच परकं वाटत नाही.

विषय सोडून भरकटलेल्या माणसाला स्पॅनिशमध्ये म्हणतात, 'हा उबेदाच्या टेकड्यांत निघाला'. आख्यायिका अशी की एक सरदार लढाई संपल्यावर उगवला आणि राजाला म्हणाला, वाट चुकलो, टेकड्यांत होतो. मीही परत रस्त्यावर येतो.

बाएथा: सगळं बाहेर मांडलेलं

उबेदात तुम्ही तिकीट काढून आत जाता. बाएथात चालत राहता. पोपुलो चौकात शिरलं की डावीकडे-उजवीकडे काय आहे हे न वाचताही बरं वाटतं. मध्ये सिंहांचं कारंजं आहे. सिंह जवळच्या कास्तुलो या प्राचीन नगराच्या अवशेषांतून आणलेले. त्यांच्यातली स्त्री म्हणजे हॅनिबलची बायको इमिल्से, असं गाव मानतं. एका बाजूला जुना खाटीकखाना आहे, १५४८ चा, आणि त्याच्यावर सम्राटाचं राजचिन्ह. मटणाच्या दुकानाला एवढा थाट मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. शेजारी शेजारी दोन कमानी आहेत. एक व्हिलालारची: सम्राटाविरुद्धचं बंड १५२१ मध्ये त्या गावी मोडलं, त्याची. दुसरी हाएन दरवाजाची: चार्ल्स १५२६ मध्ये लग्नासाठी सेव्हिलला जाताना इथून गेला, त्याच्या स्वागताची. बंड आणि वरात, दोघांना एकच भिंत.

तिथून वर चढलं की पाचेक मिनिटांत हाबालकिंतोचा वाडा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बेनाविदेस घराण्यातल्या एकाने बांधला. दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड ओळीने जडवलेत आणि ऊन तिरपं असलं की प्रत्येकाची सावली वेगळी पडते. हे बघायला पैसे लागत नाहीत. आत आज विद्यापीठ आहे, त्यामुळे वर्ग चालू असतात तेव्हा अंगण आणि भलामोठा बरोक जिना बघायला मिळतो. अगदी समोर सांता क्रुस हे तेराव्या शतकातलं छोटं रोमनेस्क चर्च, आंदालुसियात दुर्मीळ असा प्रकार. वाड्यासमोर ते एखाद्या साध्या गावकऱ्यासारखं उभं आहे, आणि मला दोघांत तेच जास्त आवडलं.

शेजारच्या १६६० च्या सेमिनरीच्या भिंतींवर लालसर अक्षरांत नावं रंगवलेली दिसतील. पदवी मिळालेल्यांची ती नावं. रंगात बैलाचं रक्त मिसळत असत. निकालाचा बोर्ड तीनशे वर्षं टिकला म्हणायचा.

कॅथेड्रल बाहेरून तसं गप्प आहे. १५६७ मध्ये आतला भाग कोसळला आणि पुन्हा बांधायचं काम वांदेलविराकडेच आलं. जुन्या काळाची खूण हवी असेल तर पश्चिमेकडचं 'चंद्राचं दार' बघा, घोड्याच्या नालेसारखी कमान. आतमध्ये चांदीची मोठी कुस्तोदिया, म्हणजे पवित्र भाकर ठेवायचं पात्र आहे, कॉर्पस क्रिस्ती सणाच्या मिरवणुकीत निघणारी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. समोरच्या चौकातलं १५६४ चं कारंजं छोट्या विजयकमानीसारखं आहे. गावात पाणी आल्याचा तो सोहळा. ज्यांनी नळाला पाणी यायची वाट पाहिलीय, त्यांना त्या थाटाचं आश्चर्य वाटणार नाही.

जुनं विद्यापीठ पोपच्या १५३८ च्या आज्ञापत्राने स्थापन झालं. पुढे त्या इमारतीत शाळा आली आणि १९१२ ते १९१९ या काळात कवी आंतोनिओ माचादो तिथे फ्रेंच शिकवत होता. तरुण बायको वारल्यावर तो या गावी आला. त्याचा वर्ग बाकांसकट जपून ठेवलाय. १९१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर आलेला कवी लोर्का त्याला इथेच भेटला. माचादो संध्याकाळी फिरायला जायचा ती तटालगतची वाट आजही आहे: खाली ग्वादालकिविरचं खोरं, समोर सिएरा माहिना आणि मधे ऑलिव्हच्या रांगा, पाटीवर ठिपके काढावेत तशा.

सान फ्रान्सिस्कोचे अवशेष मी मुद्दाम वेगळे ठेवलेत. बेनाविदेस घराण्यासाठी वांदेलविराने बांधलेलं हे प्रार्थनाघर भूकंप आणि फ्रेंच सैन्याच्या लुटीत मोडलं. पूर्ववत बांधायचा खटाटोप न करता हरवलेल्या छताचा आकार आता आधुनिक पट्ट्यांनी सुचवलाय. एल साल्वादोर सकाळी पाहिलेलं असेल, तर तोच हात इथे मोडक्या अवस्थेत ओळखू येतो. उलट क्रमाने पाहिलंत तर ही गंमत जाते.

मग निवड

बांधकाम, घुमट, शिल्प यांत रस असेल आणि खरोखर एकाच गावाला वेळ असेल, तर उबेदा. बाएथात एल साल्वादोरच्या तोडीचं एकही दालन नाही. बरोबर आई-वडील किंवा लहान मुलं असतील, तर बाएथा: सगळं पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्यात, बसायला पार-कट्टे, आणि दर तासाला तिकीट काढायची कटकट नाही. चढ मात्र आहेत आणि वाटा दगडी, चपला जाड तळव्याच्या घ्या. खरेदी करायची असेल तर पुन्हा उबेदा. तिथल्या व्हॅलेन्सिया रस्त्यावर कुंभारांची जुनी वस्ती आहे आणि हिरव्या झिलईची भांडी अजून तिथेच घडतात.

खाण्यात डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे पेयाबरोबर छोटी प्लेट फुकट येते. मांसाहार न करणाऱ्यांनी आधी विचारावं, नाहीतर बशीत हॅम येतो. ओचिओ हा लाल तिखटपूड आणि मीठ लावलेला तेलातला पाव बिनघोर घ्या. तिखटपूड नावालाच, झणझणीतपणाची अपेक्षा नको. बाएथाचा विरोलो हा पापुद्र्यांचा गोड पदार्थ चहाबरोबर झकास लागतो, फक्त स्पेनमध्ये तसा चहा मिळत नाही.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. 'लिनारेस-बाएथा' नावाचं स्टेशन बाएथात नाही. गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे आणि पुढे बस किंवा टॅक्सी लागते. त्यापेक्षा ग्रानादाहून थेट बसने उबेदा गाठा. सांतियागो इस्पितळ स्टँडच्या जवळच असल्याने ते आधी, मग चालत चौक आणि एल साल्वादोर. दारं बंद व्हायच्या सुमारास जेवून घ्या आणि दुपारच्या बसने पंधरा-वीस मिनिटांत बाएथा. सामान खोलीवर टाकून थोडं पडा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. ऊन कललं की कॅथेड्रल, हाबालकिंतो आणि शेवटी तटावरची वाट. सोमवारी शक्यतो येऊ नका, त्या दिवशी काही जागा बंद असतात. आणि रविवारी उबेदाची सकाळ मिस्साच्या वेळा बघून ठरवा.