लायपो चार्जरला करंट कुठून द्यायचा: एसएमपीएस, इन्व्हर्टरची बॅटरी की आणखी काही?

आरसी (रिमोटवरची) विमानं आणि ड्रोनच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या भरणारे बरेचसे दमदार चार्जर डीसी इनपुटचे असतात. भिंतीतला करंट त्यांना थेट चालत नाही, मधे काहीतरी लागतंच. बेळगाव शहरात राहणाऱ्याने एक वाट धरावी, खानापूरकडच्याने दुसरी. पावसाचा जोर लागला की तिकडे गेलेली लाईट कधी येईल याचा नेम नसतो.

आधी वॉट मोजा. ४एस (ओळीने जोडलेले चार सेल) ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने भरताना शेवटी १६.८ × ५, म्हणजे ८४ वॉट लागतात. चार्जरची घट धरून इनपुटला साधारण १०० वॉट धरा. १२ व्होल्टवर हे आठ अँपिअरच्या वर जातं, २४ वर चारच्या आसपास राहतं. मग चार्जर उलटा करून इनपुटची मर्यादा वाचा. जुन्या बी-६ धाटणीच्या चार्जरवर ११ ते १८ व्होल्ट लिहिलेलं असतं; नवे बरेचसे ३० पर्यंत सोसतात. हा आकडा न बघता केलेली खरेदी वाया जाते.

घरात करंट भरवशाचा असेल तर जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस (भिंतीतल्या एसीचा डीसी करणारा पॉवर सप्लाय) घ्या, फार विचार नको. सीसीटीव्ही आणि एलईडी पट्ट्यांना लावतात तोच. १८ व्होल्टच्या चार्जरला १२ व्होल्ट १५ अँपिअरचा. ३० व्होल्टवाल्याला थ्रीडी प्रिंटरचा २४ व्होल्ट १५ अँपिअरचा. १० अँपिअरचाही कागदावर पुरतो, पण तो सतत काठावर चालून तापतो. २४ चा आणखी एक फायदा: चार्जरचं इनपुट १२ अँपिअरवर बांधलेलं असेल तर १२ व्होल्टवर १४४ वॉटच मिळतात, चार्जर २०० चा असला तरी.

जोडण्याआधी एसएमपीएसच्या बाजूच्या फटीत टॉर्च मारा. आत ११५/२३० चा बारीक सरकता स्विच असेल तर तो २३० वर हवा. ११५ वर राहिला तर पहिल्याच क्षणी धडाम. पंपाच्या लाईनवरच्या गावात व्होल्टेज १७० पर्यंत उतरत असेल तर हा स्विचवाला घेऊच नका. १०० ते २४० लिहिलेला, स्विच नसलेला घ्या. अर्थिंगचा स्क्रू रिकामा सोडू नका आणि उघड्या टर्मिनलवर झाकण बसवा.

करंटच नसेल तिथे घरातली इन्व्हर्टरची बॅटरी उत्तम. १५० एएचची ट्युब्युलर निम्मी वापरली तरी सुमारे ९०० वॉट-तास हाताशी येतात. वर सांगितलेल्या बॅटऱ्या नऊ-दहा भरतील. मात्र इन्व्हर्टरच्या सॉकेटात एसएमपीएस लावून नव्हे. तिथे तीनदा रूपांतर होतं आणि ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा उष्णतेत जाते. थेट बॅटरीवरून घ्या: २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, टोकाला क्रिंप केलेले लग, आणि प्लसपासून वीतभराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज चार्जरसाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. विश्रांतीचं (लोड काढून थोड्या वेळाने मोजलेलं) व्होल्टेज १२.२ च्या खाली गेलं की थांबा.

एक चूक हमखास होते. इन्व्हर्टर दोन बॅटऱ्यांचा, म्हणजे २४ व्होल्टचा असेल, तर त्यातल्या एकीवरूनच १२ व्होल्ट काढतात. एक रिकामी, एक भरलेली अशी जोडी जुळत नाही आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. तसंच चार्ज होत असलेल्या बॅटरीच्या झाकणांजवळ एक्सटी-६० (चार्जरच्या इनपुट वायरीचा प्लग) खोचू नका. जोडताना ठिणगी उडते आणि तिथे हायड्रोजन असतो. फ्यूज आणि बॅटरीकडची जोडणी आधी करा, चार्जर शेवटी लांबच्या टोकाला जोडा.

बाकीचे पर्याय अडीनडीचे. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ६५ वॉटचा अ‍ॅडाप्टर नव्या चार्जरवर लहान बॅटऱ्यांना ठीक. १८ च्या मर्यादेवाल्याला लावू नका, चार्जर जाऊ शकतो. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय हिरवी वायर काळीला जोडून चालू होतो, पण ५ व्होल्टच्या बाजूला लोड नसला तर कित्येकांचे १२ व्होल्ट लोडवर ढासळतात. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी ३एस २२००ची एखादी बॅटरी भरेल, त्यापुढे तिचा जीव काढू नये. मैदानावर कारची बॅटरी चालेल. सेल्फ मारण्याआधी चार्जर सोडवा.

सोलर पॅनेल थेट चार्जरला नकोच. ‘१२ व्होल्ट’च्या पॅनेलचं उघडं (काहीही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज २१-२२ असतं आणि ढग आला की चार्जर बंद-चालू होत राहतो. मधे चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी हवी.

चार्जर ‘इनपुट व्होल्टेज कमी’ म्हणून अडला की बॅटरीला दोष देण्याआधी वायर बघा. १ चौरस मिमीची पाच मीटर वायर, जाऊन-येऊन दहा मीटर, १० अँपिअरला सुमारे १.८ व्होल्ट खाते. बॅटरीवर १२.४, चार्जरपाशी १०.६, आणि मर्यादा ११ ची. चार्जर बॅटरीजवळ आणा आणि लायपोची वायर लांबवण्याऐवजी लायपोच तिथे घेऊन या.